लाल दोऱ्याची ट्यूब

मी ट्यूब बोलतेय. औषधाची ट्यूब, असं म्हणताना मी जरा अडखळते. माझ्या पोटात औषध होतं की नव्हतं, हे मला आजही ठाऊक नाही.

माझ्या अंगावर नाव नाही, फुलाचं चित्र नाही, हसऱ्या बाईचा चेहरा नाही. सगळं अंग पांढरं आणि त्यावर एक आकडा, चारशे सतरा. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, 'फक्त चाचणीसाठी'. सध्या मी दवाखान्याच्या तळघरात एका पुठ्ठ्याच्या खोक्यात पडून आहे. आजूबाजूला माझ्यासारख्याच पिळून काढलेल्या, शेपटीकडून गुंडाळलेल्या कितीतरी जणी आहेत. सगळ्या गप्प. त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की माझ्या गळ्यात लाल दोरा आहे. तो तिथे कसा आला आणि कसा राहिला, तेवढं सांगते. मग मी बोलायची थांबेन.

माझा जन्म एका थंडगार खोलीत झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायांपर्यंत झाकलेली, कुणाचा चेहरा दिसायचा नाही. दोन मोठ्या स्टीलच्या टाक्या होत्या. एकीत मलम आणि त्यात कालवलेलं नवं औषध. दुसरीत नुसतं मलम. रंग तोच, बोटाला लागणारा मऊपणा तोच, आणि वास दोन्हींना नाही. आम्ही रिकाम्या ट्यूबा टोपणावर उभ्या राहून पुढे सरकत होतो. माझी पाळी आली तेव्हा माझं डोकं खाली होतं. कुठल्या टाकीची नळी माझ्यात उतरली, ते दिसलंच नाही. पोट भरलं, शेपूट चिमटून बंद झाली, आकडा उमटला आणि मी जगात आले.

कुठल्या आकड्याच्या पोटात काय आहे, याची यादी एका कॉम्प्युटरमध्ये कुलूपबंद होती. डॉक्टरांना ती दिसायची नाही, रुग्णांना दिसायची नाही. दोघांच्याही डोळ्यांवर पट्टी. कुणी आशेनं बरं वाटून घेऊ नये आणि कुणी मायेनं नसलेला गुण पाहू नये, म्हणून ही व्यवस्था. सगळ्यांची चाचणी संपली की यादी उघडणार.

दवाखान्याच्या औषधखोलीत आम्हाला एका काकांनी लावून घेतलं. फार कमी बोलणारे गृहस्थ. एकेकीला काट्यावर ठेवायचे, वजन लिहायचे आणि कपाटात उभी करायचे. माझं वजन एकशे बारा ग्रॅम भरलं. कपाटात आम्ही चाळीस जणी खांद्याला खांदा लावून होतो. सख्ख्या बहिणीच म्हणा ना. पण एकमेकींना 'तुझ्या पोटात काय?' असं विचारायची सोय नव्हती, कारण उत्तर कुणाकडेच नव्हतं. गर्दीत राहूनही एकटं कसं राहतात, ते मी तिथे शिकले.

मग एके दिवशी सकाळी रफूकाकू आल्या.

काकूंचं खरं नाव चाचणीसाठी मिळालेल्या डायरीच्या पहिल्या पानावर होतं, पण त्या नावानं त्यांना हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. सगळ्यांच्या त्या रफूकाकू. कोटाला कसर लागली, साडीला खिळा लागला, आवडत्या शर्टावर ठिणगी पडली, की लोक त्यांच्याकडे यायचे. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून दोरा उसवून घ्यायच्या आणि त्याच दोऱ्यानं भोक असं भरायच्या, की मालकालाही जागा सापडायची नाही. चाळीस वर्षांचा हात. आणि त्या हातांनाच इसब झालं होतं. बोटांच्या पेरांना चिरा, तळव्याला कोरडे खवले आणि सतत खाज. रेशमाच्या कपड्यावरून हात फिरवला तर खरखरीत कातडीला धागा अडकायचा.

त्यांच्यासमोर बसली होती ती चाचणीच्या नोंदी ठेवणारी मुलगी. काकूंनी तिचं नाव पहिल्याच दिवशी ठेवलं, नोंदताई. ती संमतीचा कागद वाचून दाखवत होती.

"रोज सकाळ-संध्याकाळ बोटाच्या पेराएवढं मलम. आठ आठवडे. आणि रोज संध्याकाळी या डायरीत लिहायचं, दिवसभरात जास्तीत जास्त खाज किती झाली. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन न होणारी."

"मला खरं औषध मिळणार की नुसतं मलम?"

"ते आम्हालाही माहीत नाही, काकू."

"तुला नाही? मोठ्या डॉक्टरीणबाईंना?"

"त्यांनाही नाही. यादी बंद आहे."

"अगं बाई! म्हणजे एकालाच माहीत आहे म्हण की." काकूंनी वर बोट केलं. "मग झालं. त्याच्याशी माझी जुनी ओळख आहे."

नोंदताई खुदकन हसली. काकूंनी सही केली. त्या दिवशी खाज किती, तर त्या म्हणाल्या, आठ.

काकूंचं घर म्हणजे दोन खोल्या. खालच्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, त्यामुळे जमिनीतून दिवसभर टिकटिक यायची. खिडकीपाशी कामाचं टेबल, त्यावर भिंग, सुयांची डबी, दोऱ्यांच्या गुंड्या. कोपऱ्यातल्या फळीवर देवाची तसबीर आणि दिवा. एक खुर्ची काकूंची, दुसरीवर रफूला आलेले कपडे. तिच्यावर बसायला येणारं कुणी नव्हतं.

येणारे दारातूनच बोलायचे. एक कोटवाले साहेब यायचे. पूर्वी म्हणे कोट काकूंच्या हातात द्यायचे आणि वर दोन गप्पा मारायचे. आता कोट टेबलावर ठेवायचे आणि हात चटकन मागे घ्यायचे. "घाई आहे हो," असं म्हणायचे. काकू म्हणायच्या, "असू दे, असू दे." इसब कुणाला लागत नाही, हे त्या किती जणांना आणि किती वेळा सांगणार?

पहिल्या संध्याकाळी काकूंनी मला खिडकीच्या फळीवर ठेवलं आणि निरखून पाहिलं. "चारशे सतरा! अशी काय हाक मारायची कुणाला?" त्यांनी गुंडीतून लाल दोरा तोडला आणि माझ्या गळ्याशी दोन वेढे देऊन गाठ मारली. "आता तू माझी."

आजवर माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं.

मग त्यांनी दिवा लावला आणि देवाशी बोलल्या. काकू नेमधर्माच्या. नवऱ्याच्या आजारपणात त्यांनी गोड सोडलं होतं. तो गेला, तरी ते पुन्हा धरलं नव्हतं. आता त्यांनी नवा नेम केला.

"देवा, लेकीचा फोन आला होता. आठव्या आठवड्यात ती येतेय, चार दिवस. भिंगरीला घेऊन. मागच्या वेळी रस्ता ओलांडताना पोरीनं माझ्या हातातून हात काढून घेतला. म्हणाली, आजी, तुझा हात टोचतो. चार वर्षांचं लेकरू ते, खोटं कशाला बोलेल? मी तिला पदराचं टोक धरायला दिलं. तर आता एवढंच कर. ती येईपर्यंत हात धरण्याजोगा कर. त्याबद्दल मी आठ आठवडे तक्रार करणार नाही. कुणापाशी हूं की चूं करणार नाही."

नेम म्हटला की त्याची खूण हवी. काकूंनी जुन्या चादरीचा पांढरा तुकडा फाडला. तक्रार ओठांवर आली, की ती गिळायची आणि त्या तुकड्यावर लाल दोऱ्याचा एक टाका घालायचा, असं ठरलं. रोजची एक ओळ. नेम पुरा झाला की तो तुकडा देवापुढे ठेवायचा.

पहिल्याच दिवशी एकवीस टाके पडले.

आणि संध्याकाळी डायरी उघडल्यावर काकूंची पंचाईत झाली. समोर शून्य ते दहा आकडे. खरा आकडा आठ. पेन आठावर गेलं आणि थांबलं. आठ लिहिणं म्हणजे तक्रारच की! आणि तीही शाईनं. काकूंनी तसबिरीकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि पाच लिहिलं.

मी फळीवरून बघत होते. मला तोंड असतं तर ओरडले असते. त्यांच्या बोटांवरून दिवसातून दोनदा फिरणारी मी. कुठली चीर नवी, कुठली कालचीच, कुठे खाजवून कातडी सोलवटली, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? पण आमच्या जातीला बोलण्याची सोय नाही. आम्हाला दाबलं की जे बाहेर येतं, तेवढंच आमचं बोलणं.

दोन आठवड्यांनी आम्ही दवाखान्यात गेलो. औषधखोलीतल्या काकांनी माझा दोरा सोडला. "दोऱ्याचं वजन धरत नाही," एवढंच म्हणाले. मला काट्यावर ठेवलं, आकडा लिहिला आणि दोरा काकूंच्या हातात परत दिला. हातात, बरं का. टेबलावर नाही.

नोंदताईनं डायरी उघडली. पाच, चार, चार, तीन. "काकू! आठावरून तीन!" तिचा चेहरा असा काही फुलला, की काकूही हरखल्या. परतीच्या वाटेवर त्या पिशवीतल्या मला म्हणाल्या, "पोरगी किती खूश झाली, पाहिलंस?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. नेम होता तो होताच, पण आता आणखी एक गोष्ट झाली होती. कितीतरी दिवसांत काकूंनी दिलेलं काहीतरी कुणीतरी आनंदानं घेतलं होतं. लहान लहान आकडे त्या नोंदताईसाठी भेट म्हणून नेऊ लागल्या. तिनाचे दोन झाले. इकडे चादरीच्या तुकड्यावर कधी अठरा टाके, कधी चोवीस. डॉक्टरीणबाईंनी हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "दिसायला एवढा फरक नाही. पण खाज कमी झाली म्हणता, तर चांगलंच आहे."

रविवारी लेकीचा फोन यायचा. "आई, हात कसा आहे?" "बरा आहे." "नक्की?" "नक्की गं." "बरं, ठेवते." फोन ठेवल्यावर खालची घड्याळं एकदम मोठ्यानं टिकटिकायला लागायची.

चौथ्या आठवड्याला बाकावर काकूंच्या शेजारी एक दादा येऊन बसले. बेकरीत पाव भाजणारे. हातात माझ्यासारखीच पांढरी ट्यूब आणि हातांची अवस्था काकूंच्या हातांसारखीच.

"तुमचाही चौथाच का?" दादांनी विचारलं.

"हो. तुमचा?"

"तोच. पिठात हात घातला की नुसती आग. मी आपला रोज नऊ लिहितो. परवा आठ लिहिलं, तर बायको म्हणते, आज काय लॉटरी लागली?"

काकू हसल्या. "येईल हो गुण. धीर धरा."

"तुम्हाला आला?"

काकूंचा हात पदराखाली गेला. "आलाय ना. दोनवर आहे."

"दोन!" दादांनी आपले हात गुडघ्यांवर उताणे ठेवले आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. "मग माझंच काहीतरी चुकतंय. लावायला चुकत असेन, धुवायला चुकत असेन. तुम्हाला दोन आणि मला नऊ, म्हणजे औषधात खोट नाही. खोट माझ्यातच."

"अहो, तसं नाही—"

"नाही कसं? जाऊ दे काकू. आज सांगूनच टाकतो, माझं नाव काढा म्हणून. कशाला दुसऱ्याची जागा अडवायची?"

त्यांना आत बोलावलं. परत आले तेव्हा त्यांच्या हातात ट्यूब नव्हती. काकूंना नमस्कार करून ते सरळ जिन्याकडे गेले. काकू अर्ध्या उठल्या. तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही. चार आठवडे गिळायचीच सवय लागलेली. त्या परत बसल्या.

त्या दिवशी डायरीवर नोंदताईनं "शाब्बास काकू" म्हटलं, तर काकूंना हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकू खिडकीशी कामाला बसल्या, पण टाका सुटायला लागला. एकच भोक तीनदा उसवलं. शेवटी सुई डबीत टोचून त्या तसबिरीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मी तक्रार करणार नाही म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "खोटं बोलेन, असं नव्हतं म्हटलं. दोन्हींत फरक आहे आणि तो तुला आधीपासून दिसत होता. माझ्याच लक्षात आला नाही." थोड्या थांबून हळूच म्हणाल्या, "आता मला काढून टाकतील. काढू देत. हात नाही बरा झाला, तर पोर पदराचं टोक धरेल. पण त्या दादाला त्याचीच खोट वाटते, हे मला सोसायचं नाही."

त्यांनी डायरी, मी आणि तो चादरीचा तुकडा पिशवीत घातला. तारीख नसताना आम्ही दवाखान्यात गेलो.

नोंदताई डबा खात होती. काकू दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "डायरीतलं सगळं खोटं आहे. पहिल्या दिवसापासून." आणि नेमाची सगळी हकिगत एका दमात सांगून टाकली. नोंदताईचा घास हातातच राहिला.

"आता मी काय म्हणते," काकू घाईघाईनं म्हणाल्या, "ही डायरी मी घरी नेते. पात्यानं शाई अशी अलगद काढते आणि वर नीट आकडे घालते. माझा हात आहे तेवढा. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"काकू! नाही! पातं ठेवा आधी!"

"पातं घरी आहे गं."

"घरीच राहू दे." नोंदताईनं डबा बंद केला आणि काकूंना खुर्चीवर बसवलं. "आमच्याकडे चूक अशी दुरुस्त करायची नसते. त्यावर एकच आडवी रेघ मारायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी जे खरं असेल ते, मग सही, मग तारीख."

काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे चूक दिसली पाहिजे?"

"दिसलीच पाहिजे."

"चाळीस वर्षं मी हेच शिकले, की दुरुस्ती दिसता कामा नये. भोक होतं हेच कुणाला कळता कामा नये."

"कपड्याचं ठीक आहे, काकू. पण इथं भोक लपवलं, तर पुढच्याचा पाय त्यात जातो."

काकूंनी मान खाली घातली. "पाय गेलाच आहे एकाचा. ते पाववाले दादा. त्यांना फोन कर. म्हणावं, त्या बाईचा दोनचा आकडा खोटा होता."

"दुसऱ्यांविषयी मला तुमच्याशी बोलता येत नाही. नियम आहे."

"तू नको बोलूस. मी बोलतेय ते ऐक."

नोंदताईनं ऐकलं आणि नोंदही करून घेतली.

मग डॉक्टरीणबाई आल्या. सगळं ऐकून त्या रागावल्या नाहीत, पण हसल्याही नाहीत. "ही चूक आम्हाला लेखी कळवावी लागेल. या चार आठवड्यांच्या तुमच्या आकड्यांचं काय करायचं, ते वरचे लोक ठरवतील. कदाचित धरणारच नाहीत. जे आठवत नाही, ते आता अंदाजानं लिहायचं नाही." त्यांनी चादरीचा तुकडा उलगडला. लाल टाक्यांच्या एकोणतीस ओळी. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. "हे चोवीस?"

"त्या दिवशी जरा जास्तच होतं."

"यातला एक टाका तरी मला सांगायचा, काकू. मी त्यासाठीच बसलेय इथे. कुणासाठी केला हा नेम?"

"देवासाठी."

"देव डायरी वाचत नाही. मी वाचते."

"तोही वाचतो हो," काकू म्हणाल्या. "म्हणून तर आले."

डॉक्टरीणबाईंनी स्वतःचं पेन काकूंपुढे ठेवलं. "काढून टाकत नाही तुम्हाला. करा सुरुवात."

काकूंनी एकेका दिवसावर एकेक रेघ मारली. खालचा आकडा दिसेल अशी. शेजारी प्रत्येक वेळी लिहिलं, 'खरं लिहिलं नव्हतं'. सही. तारीख. एकोणतीस वेळा. चिरा पडलेल्या बोटांनी पेन धरवत नव्हतं. मध्येच एका चिरेतून रक्त आलं आणि पानाला लागलं. काकू चपापल्या. नोंदताई म्हणाली, "असू दे. त्याच्या शेजारी पण सही करा." आणि दोघींना एकदम हसू फुटलं. अशा हसलेल्या काकू मी पहिल्यांदाच पाहिल्या.

त्या संध्याकाळी डायरीत पहिल्यांदा खरा आकडा पडला. आठ.

रविवारी लेकीचा फोन आला. "आई, हात कसा आहे?"

"काल आठ होता. आज सात."

"म्हणजे?"

"म्हणजे खूप खाजतं गं. काल काम सोडून उठावं लागलं."

लेक म्हणाली, "आई, तू मला हे कधीच सांगत नाहीस." तिचा आवाज ओला झाला होता. त्या दिवशी फोन इतका वेळ चालला, की दिवा लावायला उशीर झाला. देवानं काही मनावर घेतलं नसावं.

पुढचे आकडे मला पाठ आहेत. सात, सात, आठ, सहा, सात, सहा, सहा. चमत्कार झाला नाही. तळव्याचे खवले थोडे कमी झाले, करंगळीच्या चिरा भरून आल्या, अंगठा मात्र होता तसाच राहिला. हे माझ्यामुळे झालं, की रोज दोनदा आठवणीनं मलम लावल्यामुळे, की गिळायचं थांबवल्यामुळे? मला सांगता येणार नाही. मी सांगूही नये. माझ्या डोळ्यांवर अजून पट्टी आहे.

आणि भिंगरी आली.

दारातून आत येताच तिनं घरभर चार चकरा मारल्या. म्हणूनच तिचं ते नाव. मग ती माझ्यापाशी थांबली. "हिच्या गळ्यात दोरा का?"

"ओळख म्हणून. तिला हात नाही हं लावायचा. ती फक्त आजीची आहे, नियम आहे."

संध्याकाळी काकू डायरी घेऊन बसल्या, तेव्हा ती मांडीला टेकून उभी राहिली. "काय लिहितेस?"

"आज हात किती खाजला ते. शून्य ते दहा."

"किती?"

"पाच."

भिंगरीनं विचार केला. "आणि टोचतो किती?"

काकूंचं पेन थांबलं. स्वयंपाकघरातून लेक म्हणाली, "ए, असं विचारतात का?"

"विचारू दे," काकू म्हणाल्या. "ते मला कसं कळणार, भिंगरी? ते तर तूच सांगायचं."

त्यांनी हात पुढे केला. उताणा. पदराखालून काढून, दिव्याच्या उजेडात. मी फळीवरून बघत होते.

भिंगरीनं एक बोट तळव्यावरून फिरवलं, मग अंगठ्यावरून. "इथे सात." मधल्या बोटावर. "इथे चार." करंगळीशी ती थांबली, तिनं ती मुठीत धरून पाहिली. "इथे शून्य आहे, आजी!"

"आहे का?"

"हो. मी ही धरते. रस्त्यावर पण हीच धरेन."

चार दिवस ती करंगळी धरून फिरली. काकूंनी देवाकडे अख्खा हात मागितला होता. देवानं करंगळी दिली. काकूंनी तेवढ्यावर दिवा लावला आणि तिथेच नेम संपवला. पाचव्या दिवशी माणसं गेली. दार लागलं, खालची घड्याळं पुन्हा ऐकू यायला लागली. काकू बराच वेळ आपली करंगळी दुसऱ्या हातात धरून बसल्या होत्या. त्या संध्याकाळी खाज तीन होती. दुसऱ्या संध्याकाळी, कुणी नसताना, सहा. दोन्ही आकडे त्यांनी खरे लिहिले.

मग शेवटची तारीख आली. बाकावर ते पाववाले दादा होते, मांडीवर ट्यूब घेऊन. काकूंना पाहताच सरकून त्यांनी जागा दिली. "काय काकू, आज किती?"

"सहा. तुमचे?"

"आठ. बायको म्हणते, प्रगती आहे."

"आहेच मुळी." काकू बसल्या. "दादा, ते दोन मी—"

"कळलं मला, म्हणून तर परत आलो. कसं कळलं ते नका विचारू." ते हसले. "बरं वाटलं हो. आपण एकटेच वाईट नाही, म्हटल्यावर."

माझी आणि काकूंची ताटातूट नोंदताईच्या टेबलावर झाली. वापरलेली ट्यूब परत द्यायची असते, तसा नियम आहे. काकूंनी मला एकदा शेपटीपासून गळ्यापर्यंत कुरवाळलं. "यादी उघडली की कळवशील ना गं, हिच्या पोटात काय होतं ते?"

"कळवू. पण वर्षभर तरी लागेल."

"लागू दे." मला खाली ठेवताना त्या म्हणाल्या, "औषध असलीस तर चांगलंच. नसलीस, तरी तू रोज माझा हात धरलास. सकाळ-संध्याकाळ. तेवढं कुणीच केलं नव्हतं."

आणि त्या गेल्या.

औषधखोलीतल्या काकांनी मला काट्याजवळ नेलं. सवयीनं दोरा सोडला. वजन केलं, एकोणीस ग्रॅम. लिहिलं. मग दोरा परत द्यायला वळले, तर काकू तिथे नव्हत्या. काका दोरा चिमटीत धरून थोडा वेळ उभे राहिले. कचऱ्याची टोपली पायाशीच होती. त्यांनी चष्मा वर केला आणि तो दोरा माझ्या गळ्याशी दोन वेढे देऊन पुन्हा बांधला. गाठ काही काकूंसारखी जमली नाही. मग कागदावर वजनाशेजारी त्यांनी बारीक अक्षरांत लिहिलं, 'दोरा वेगळा'. सही. तारीख.

तेव्हापासून मी या खोक्यात आहे. यादी उघडेल तेव्हा आमची मोजदाद होईल आणि मग आम्हाला जाळून टाकतील. मला त्याचं दुःख नाही. एकच हुरहुर आहे. माझ्या पोटात काय होतं, ते काकूंना कळेल तेव्हा मी नसेन. त्यांची करंगळी कुणाच्या मुठीत असेल की नसेल, तेही मला कळणार नाही.

तुम्ही हे ऐकलंत, तर माझं एक मागणं आहे. तुम्हाला कुणी विचारलं, 'आज किती?', आणि विचारणारं माणूस उत्तरासाठी थांबलेलं असलं, तर त्याला लहान आकडा देऊ नका. आठ असेल तर आठ म्हणा. ती तक्रार नाही. तुमच्या शेजारी बाकावर कुणीतरी आपले हात उताणे ठेवून बसलेलं आहे, आणि त्याच्या डायरीत नऊ आहे.